रिमोट टीमचं ब्रेनस्टॉर्मिंग: कॉलवर सगळे असतात, कल्पना मात्र दोघा-तिघांच्याच येतात

आडवाट

आमची टीम ९ जणांची. सगळे आपापल्या घरून काम करतात आणि त्यातल्या दोघांचं घड्याळ आमच्यापेक्षा पाच तास मागे आहे. छोट्या व्यावसायिकांसाठी बिलं बनवायचं ऑनलाइन सॉफ्टवेअर आम्ही चालवतो. सध्याची अडचण अशी की लोक नोंदणी करतात, पण पहिलं बिल बनवायच्या आधीच निघून जातात.

यावर ब्रेनस्टॉर्मिंगसाठी व्हिडिओ कॉल ठेवते तेव्हा दर वेळी मागचे पाढे पंचावन्न. "कोणाला काही सुचतंय का?" विचारलं की शांतता. मग कोणीतरी एक कल्पना मांडतं आणि पुढची वीस मिनिटं तिचंच चर्वितचर्वण. दोघं-तिघं बोलतात, बाकीचे म्यूटवर. ऑनलाइन बोर्डवर चिठ्ठ्या लावायला सांगितलं तर ढीग जमतो, तेवढ्यात वेळ संपते आणि तो बोर्ड नंतर कोणी उघडत नाही.

क्रम कसा ठेवायचा, कशाला किती मिनिटं द्यायची आणि शेवटी निवड कशी करायची, हे कोणी तपशिलात सांगेल का? "सगळ्यांना मोकळेपणाने बोलू द्या" हे सांगू नका, ते भरपूर वाचून झालंय.

---

टाचण

तुमचं घोडं पहिल्याच पायरीवर पेंड खातंय. कल्पना लिहून काढा. कॉल वापरायचा तो वाचायला, जोडायला आणि निवडायला.

हिशेब करून बघा. ९ माणसं, ६० मिनिटं, एका वेळी एकच माणूस बोलणार. अगदी समान वाटणी झाली तरी प्रत्येकाच्या वाट्याला सात मिनिटंही येत नाहीत. उरलेली ५३ मिनिटं तो दुसऱ्याचं ऐकत, स्वतःला सुचलेलं विसरू नये म्हणून डोक्यात धरून बसतो. धरून बसलेल्या डोक्याला नवीन काही सुचत नाही. आपली पाळी येईपर्यंत कल्पना शिळी वाटायला लागते, मग ती बोललीच जात नाही.

हे आजचं नाही. ब्रेनस्टॉर्मिंगची पद्धत जाहिरात क्षेत्रातल्या अलेक्स ऑस्बॉर्न यांनी रूढ केली आणि १९५३ सालच्या त्यांच्या पुस्तकानंतर ती सगळीकडे पोचली. त्यांचे चार नियम होते: टीका पुढे ढकला, अचाट कल्पनांनाही जागा द्या, संख्या वाढवा, दुसऱ्याच्या कल्पनेवर भर घाला. नियम चांगलेच आहेत. पण १९५८ साली येल विद्यापीठात हे तपासलं गेलं तेव्हा एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा एकेकटं काम केलेल्या चौघांच्या कल्पना, दुबार आलेल्या वगळूनही, जास्त भरल्या. यामागचं कारण १९८७ साली मानसशास्त्रज्ञ मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी बऱ्याच अंशी उलगडलं. त्यांच्या एका प्रयोगात माणसं वेगवेगळ्या खोल्यांत होती. एक जण बोलत असताना इतरांसमोर लाल दिवा लागायचा आणि त्यांनी थांबायचं. एवढ्यानेच कल्पनांची संख्या घसरली. व्हिडिओ कॉल म्हणजे नेमकी हीच मांडणी आहे.

कॉलवर आणखी एक अडचण येते ती आवाज पोचायला लागणाऱ्या वेळेची. समोरासमोरच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर साधारण २०० मिलिसेकंद असतं. इंटरनेटवर आवाज एका बाजूने दुसरीकडे पोचायलाच १५० मिलिसेकंद लागले की हा ताल बिघडतो. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, "नाही नाही, तुम्ही बोला" होतं, आणि मुळात कमी बोलणारा माणूस पुन्हा प्रयत्न करत नाही. त्याच्या स्वभावाला दोष देण्यात अर्थ नाही.

आता क्रम. कॉलच्या दोन दिवस आधी प्रश्न पाठवा आणि आदल्या दिवसापर्यंत प्रत्येकाकडून ५ कल्पना एका फॉर्ममध्ये मागवा. फॉर्मची उत्तरं फक्त तुम्हाला दिसली पाहिजेत. अशा ४५ चिठ्ठ्या कॉलच्या आधीच बोर्डवर लावून ठेवा. मग ६० मिनिटांचा कॉल असा:

० ते ४: प्रश्न आणि मर्यादा वाचून दाखवा. कोणती गोष्ट या वेळी बदलता येणार नाही हे इथेच सांगा.

४ ते १०: सगळ्यांनी शांतपणे ४५ चिठ्ठ्या वाचायच्या. एका चिठ्ठीला ८ सेकंद धरले तर ४५ चिठ्ठ्यांना ६ मिनिटं लागतात. हा वेळ बहुतेक जण धरतच नाहीत. न वाचलेल्या चिठ्ठ्यांवर मत द्यायला सांगितलं की ओळखीची आणि वरच्या कोपऱ्यातली चिठ्ठी जिंकते.

१० ते २०: पुन्हा शांतपणे लिहायचं. किमान ४ नव्या, त्यातल्या दोन तरी कुठल्यातरी दोन चिठ्ठ्या जोडून किंवा एखादीवर भर घालून.

२० ते २५: नव्या ३६ चिठ्ठ्या वाचायच्या.

२५ ते ३५: एकसारख्या चिठ्ठ्या शेजारी आणायच्या.

३५ ते ४०: मतदान.

४० ते ५५: पहिल्या तीन कल्पनांवर प्रत्येकी ५ मिनिटं बोलणं. खरी चर्चा इथे आणि फक्त इथे.

५५ ते ६०: कोण, काय, कधीपर्यंत.

लिहिण्याच्या १० मिनिटांत चौथ्या-पाचव्या मिनिटाला सगळ्यांचे हात थांबतात. मीटिंग चालवणाऱ्याला वाटतं, संपलं, आणि तो "चला पुढे जाऊ" म्हणतो. तिथे थांबू नका. पहिल्या चार मिनिटांत निघतं ते सगळ्यांच्याच डोक्यात वर-वर असलेलं. उत्तरार्धात आपलं डोकं आटतं ही माणसांची समजूत असते, प्रत्यक्षात तसं घडत नाही, असं २०२० सालच्या एका संशोधनातही दिसलं. टायमर पूर्ण चालू द्या आणि त्या वेळात स्वतः एक शब्दही बोलू नका. मध्येच "छान चाललंय" म्हटलं तरी नऊ जणांची तंद्री मोडते.

एकत्रीकरणात उलटी चूक होते. पाच वेगवेगळ्या कल्पना 'ऑनबोर्डिंग (म्हणजे नव्या वापरकर्त्याला सुरुवात करून देणं) सुधारणे' अशा मथळ्याखाली जातात, मत त्या मथळ्याला पडतं आणि हातात काहीच ठोस उरत नाही. म्हणून मथळा फक्त शोधायला सोपं जावं म्हणून द्या, मत मात्र चिठ्ठीलाच. शब्दशः एकच असलेल्या चिठ्ठ्या मात्र एक करा, नाहीतर मतं विभागून चांगली कल्पना मागे पडते.

मतं किती? एकत्रीकरणानंतर जेवढे गट उरतील त्याच्या एक तृतीयांश. १५ गट असतील तर माणशी ५ मतं, एका चिठ्ठीवर जास्तीत जास्त २. सगळ्यांचं देऊन होईपर्यंत आकडे झाकलेले हवेत. दिसत असले की तिसऱ्या माणसापासून पुढचे सगळे पहिल्या दोघांची री ओढतात.

---

रेघोट्या

टाचण यांनी क्रम उत्तम दिलाय. पण प्रश्नच ढिसाळ असला तर त्या ६० मिनिटांत ८० ढिसाळ चिठ्ठ्या जमतील, म्हणून प्रश्नाबद्दल थोडं.

'ऑनबोर्डिंग कसं सुधारायचं?' असं विचारलंत तर उत्तरं ठरलेली: व्हिडिओ टाका, ईमेल पाठवा, डिझाइन सोपं करा. कुठल्याही कंपनीला लागू पडणारी, म्हणून तुमच्या कामाची नसलेली. दुसरं टोक म्हणजे 'पहिल्या पानावरचं बटण कुठे ठेवावं?' याला तीन-चारच उत्तरं आहेत, त्यासाठी नऊ माणसं कशाला?

प्रश्नात चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: कोण, कधी, कशामुळे अडतं, आणि कोणत्या मर्यादेत. तुमच्यासाठी असा करता येईल: 'ग्राहकांची यादी आणि मालाचे दर हाताशी नसलेल्या माणसालाही नोंदणीनंतर १० मिनिटांच्या आत पहिलं बिल पाठवता यावं, यासाठी सध्याच्याच लोकांच्या बळावर महिन्याभरात आपण काय काय करू शकतो?' लांबलचक आहे, पण हे वाचल्यावर माणसाच्या डोळ्यासमोर एक विशिष्ट वापरकर्ता उभा राहतो. (तुमचे लोक याच कारणाने अडतात की नाही हे तुम्हीच तपासा, मी उदाहरणापुरतं धरलंय.)

पाठवण्याआधी प्रश्न एका माणसावर तपासून बघा. त्याला ३ मिनिटं द्या. पाचसुद्धा कल्पना निघाल्या नाहीत तर प्रश्न अरुंद आहे. निघाल्या, पण एक किंमतीबद्दल, एक जाहिरातीबद्दल, एक सर्व्हरबद्दल अशी पांगापांग असेल तर प्रश्न फार मोठा आहे. त्याचे दोन-तीन तुकडे करा आणि एका कॉलला एकच तुकडा घ्या.

प्रश्नासोबत एका पानात माहिती द्या: नोंदणीपासून पहिल्या बिलापर्यंतच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीवर किती जण गळतात, आणि मदतकक्षाकडे आलेले तीन-चार संदेश जसेच्या तसे, भाषा न सुधारता. लोकांच्या मूळ शब्दांतून जेवढ्या कल्पना निघतात तेवढ्या आलेखातून निघत नाहीत. आपल्या मनातला उपाय मात्र उदाहरण म्हणूनही लिहू नका. एक नमुना दिला की निम्म्या चिठ्ठ्या त्याच्याच आवृत्त्या होतात.

टीम थकलेली असेल तर उलटा प्रश्न हमखास चालतो: 'कोणीही पहिलं बिल बनवूच नये यासाठी काय काय करता येईल?' ५ मिनिटं त्यावर, मग प्रत्येक उत्तर उलटं करायचं. 'आधी बावीस रकाने भरायला लावा' हे उलटं केलं की 'दोनच रकान्यांत पहिलं बिल' ही कल्पना तयार. आणि त्या बावीसपैकी अर्धे रकाने आपण आत्ताच भरायला लावतो हेही लक्षात येतं.

---

कोरा_कागद

बोर्डच्या बाजूने काही गोष्टी, कारण पहिली दहा मिनिटं बहुतेक वेळा इथेच वाया जातात.

मिरो, म्युरल, फिगजॅम या ऑनलाइन बोर्डांपैकी काहीही चालेल. जुन्या लेखांत गूगलच्या जॅमबोर्डची शिफारस सापडते, तो २०२४च्या अखेरीस बंद झाला, त्यामुळे शोधत बसू नका. बोर्ड नको असेल तर साधी गूगल शीटही पुरते: एका रकान्यात क्रमांक, दुसऱ्यात कल्पना, तिसऱ्यात 'कशावरून सुचली' तो क्रमांक. आणि फॉर्ममधल्या ४५ कल्पना हाताने टंकू नका. शीटमधल्या ओळी कॉपी करून बोर्डवर पेस्ट केल्या की बऱ्याच साधनांत प्रत्येक ओळीची वेगळी चिठ्ठी होते.

कॉलच्या आधी बोर्डची लिंक ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत, म्हणजे तुमचं लॉगिन नसलेल्या खिडकीत, उघडून बघा. बघण्याची परवानगी आहे पण बदलण्याची नाही, हा घोळ फार होतो. चौकटी, मथळे, प्रश्न हे सगळं लॉक करा, नाहीतर चिठ्ठी हलवताना कोणीतरी अख्खी पार्श्वभूमी ओढून नेतं. आमंत्रणासोबत एक सरावाची चौकट द्या: 'इथे तुमचं नाव लिहून चिठ्ठी लावा.' ज्याची चिठ्ठी दिसत नाही त्याला आदल्या दिवशीच मदत करता येते.

प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक हवाच. '२७ आणि ४१ जोडल्या तर?' असं म्हणता आलं नाही की 'ती वर उजवीकडची पिवळी' शोधण्यात मिनिटं जातात.

लिहिताना इतरांच्या चिठ्ठ्या दिसायला नकोत. काही बोर्डांत त्यासाठी प्रायव्हेट मोड असतो, तो चालू करा. नसेल तर प्रत्येकाने आपापल्या कागदावर किंवा नोटपॅडमध्ये लिहावं आणि शेवटच्या मिनिटाला सगळ्यांनी एकदम पेस्ट करावं. इतरांचे फिरणारे कर्सर लपवायची सोय असेल तर तीही वापरा. आठ नावं पडद्यावर धावत असताना वाचण्यात मन लागत नाही.

चिठ्ठीचा नियम: एका चिठ्ठीवर एकच कल्पना, क्रियापद असलेलं पूर्ण वाक्य, ८ ते १५ शब्द. 'टेम्प्लेट' ही चिठ्ठी नव्हे. 'व्यवसायाचा प्रकार निवडताच त्या धंद्याचं नमुना बिल आधीच भरून दाखवावं' ही चिठ्ठी. एकशब्दी चिठ्ठ्या वाचताना प्रत्येक जण मनाने वेगळा अर्थ लावतो, आणि मतदानानंतर कळतं की पाच जणांनी पाच वेगळ्या गोष्टींना मत दिलं.

मोबाइलवरून कॉलला आलेल्या माणसाला मोठा बोर्ड जवळपास निरुपयोगी असतो. त्याला फॉर्मची लिंक द्या, त्याच्या चिठ्ठ्या तुम्ही लावा. एकत्रीकरण सुरू करण्याआधी बोर्डची एक प्रत काढून ठेवा. चिठ्ठ्या हलवल्या, एकात एक मिसळल्या की मूळ शब्द परत मिळत नाहीत.

---

आडवाट

खूपच उपयोगी. सगळ्यांचे मनापासून आभार. आता तीन शंका. आमचे विभागप्रमुखही कॉलला असतात. माणूस चांगला आहे, पण त्यांनी एखाद्या कल्पनेवर "हम्म" केलं तरी बाकीचे गप्प होतात. दुसरं, पाच तास मागे असलेल्या दोघांसाठी नेहमीच भल्या पहाटे कॉल पडतो. तिसरं, कॅमेरा चालू ठेवायला सांगावं की नाही?

---

सावकाश

पहिल्या दोन शंकांबद्दल लिहितो.

विभागप्रमुखांना बाहेर ठेवू नका. मर्यादा त्यांनाच ठाऊक असतात आणि निर्णयही त्यांनाच घ्यायचाय. त्यांचं काम कॉलच्या दोन टोकांना ठेवा. पहिल्या ४ मिनिटांत त्यांनी पैसा, माणसं, वेळ यांच्या मर्यादा सांगायच्या. शेवटच्या ५ मिनिटांत हो, नाही किंवा 'अमुक माहिती मिळाली तर हो' एवढं सांगायचं. मधल्या वेळात त्यांनी इतरांसारख्याच बिननावी चिठ्ठ्या लिहायच्या आणि बोलायच्या फेरीत सगळ्यात शेवटी बोलायचं. हे त्यांच्याशी आधी एकट्याने बोलून ठरवा, कॉलवर सर्वांसमोर सुचवू नका.

बिननावी म्हणजे खरोखर बिननावी हवं. फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याची सेटिंग बंद करा आणि ती बंद आहे हे लोकांना सांगा. उत्तरं वेळेच्या क्रमाने येतात, त्यामुळे 'पहिली पाच अमक्याचीच' असा अंदाज बांधता येतो. शीटमध्ये ओळींचा क्रम विस्कटायची सोय असते, ती वापरून मगच बोर्डवर लावा. ९ जणांच्या टीममध्ये लिहिण्याच्या ढंगावरूनही माणूस ओळखू येतो. ते पूर्ण टाळता येत नाही, पण पूर्ण वाक्य आणि १५ शब्दांच्या नियमामुळे ढंग बराच पुसला जातो.

याचा तोटाही आहे. चिठ्ठी कळली नाही तर विचारायचं कुणाला? म्हणून प्रत्येक चिठ्ठीखाली शंका लिहायला जागा ठेवा. लिहिणाऱ्याला वाटलं तर तो नाव न सांगता तिथेच उत्तर देईल. दुसरा धोका पाट्या टाकण्याचा: नाव नाही म्हटलं की काही जण एकच चिठ्ठी लिहून मोकळे होतात. माणशी ५ असा आकडा ठरवून दिला आणि एकूण ४५ व्हायला हव्यात हे जाहीर केलं की हे बरंच कमी होतं.

वेगळ्या वेळेतल्या दोघांसाठी कॉल पुढे-मागे सरकवण्यापेक्षा बरंचसं काम कॉलबाहेर न्या. पहिल्या दिवशी २४ तासांची खिडकी: माणशी ५ कल्पना. दुसऱ्या दिवशी २४ तास: सगळ्या वाचून किमान २ भर घातलेल्या कल्पना. तिसऱ्या दिवशी तुम्ही एकत्रीकरण करायचं आणि मतदान उघडायचं. चौथ्या दिवशी दोन्हीकडच्या कामाच्या वेळा जिथे जुळतात तिथे ३० मिनिटांचा कॉल, फक्त पहिल्या तीन कल्पनांवर. पाच तासांचा फरक असेल तर तुमची दुपार आणि त्यांची सकाळ जुळते.

खिडकी २४ तासांचीच ठेवा, आठवडाभर उघडी ठेवू नका. आठवडा दिला की विषयाचं भिजत घोंगडं होतं आणि सगळे शेवटच्या तासात लिहितात. मुदत लिहिताना 'आज संध्याकाळपर्यंत' असं मोघम न लिहिता दोन्हीकडची स्थानिक वेळ लिहा. आणि काही देशांत वर्षातून दोनदा घड्याळं पुढे-मागे होतात. त्या दिवसांच्या आसपास ठरलेली मीटिंग एका तासाने चुकते, तेव्हा आमंत्रण कॅलेंडरमधूनच पाठवा.

---

मध्यलय

इथे सगळेच लिखाणाच्या बाजूने आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. सुट्या सुट्या कल्पना काढायला लिखाण उत्तम. पण तुमची अडचण पायऱ्यांची आहे. नोंदणी, ग्राहकाची माहिती, दर, कर, मग बिल. एका पायरीतला बदल दुसरीवर परिणाम करतो. अशा वेळी दोन माणसांनी एकमेकांना "म्हणजे नेमकं काय?" विचारण्यातून जे निघतं ते चिठ्ठीवर येत नाही. बोलणं पूर्ण काढून टाकलं की हाती सुधारणांची यादी लागते, जोडून तयार झालेला एकसंध उपाय लागत नाही.

माझा आग्रह असा की लिखाणानंतर, मतदानाआधी, जोड्या पाडा. कॉलमध्येच नऊ जणांच्या चार वेगळ्या खोल्या (ब्रेकआउट रूम) करा: तीन खोल्यांत दोघं-दोघं, एकीत तिघं. वेळ ८ मिनिटं. काम एकच: बोर्डवरच्या किमान तीन चिठ्ठ्या जोडून एक उपाय तयार करायचा आणि तो चार ओळींत लिहायचा. दोघांत बोलताना पाळीची वाट बघावी लागत नाही, आणि कमी बोलणारा माणूसही दोघांत बोलतो. एकाच विभागातली दोन माणसं एका जोडीत टाकू नका. मदतकक्षातला माणूस आणि प्रोग्रामर ही जोडी सगळ्यात फलदायी.

कॅमेऱ्याबद्दल: मेलानी ब्रक्स आणि जोनाथन लेवाव या संशोधकांचा अभ्यास २०२२ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला होता. समोरासमोर बसलेल्या जोड्यांपेक्षा व्हिडिओवरच्या जोड्यांना कमी कल्पना सुचल्या. त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण असं की व्हिडिओवर माणसाची नजर पडद्याला खिळून राहते, आणि नजर आखडली की विचारांचा पसाराही आखडतो. सुचलेल्यांतून चांगली कल्पना निवडण्यात मात्र व्हिडिओवरच्या जोड्या मागे पडल्या नाहीत.

यावरून माझ्यापुरता निष्कर्ष असा: सुचण्याच्या वेळी कॅमेरे बंद, कागद-पेन हातात, खिडकीबाहेर बघा, खोलीत फिरा. निवडीच्या आणि निर्णयाच्या वेळी ज्यांना जमेल त्यांनी कॅमेरे चालू, कारण तिथे समोरच्याची मान हलतेय की कपाळाला आठ्या पडल्यात हे कळणं महत्त्वाचं असतं. कॅमेरा बंद केल्याने कल्पना वाढतात असं त्या अभ्यासाने सिद्ध केलेलं नाही, तो मी काढलेला मार्ग आहे. पण त्यात गमावण्यासारखंही काही नाही.

---

टाचण

मध्यलय यांचा मुद्दा मान्य. पायऱ्या एकमेकींत गुंतलेल्या असतील तर जोड्यांची फेरी हवी. मात्र ती लिखाणाच्या जागी नको, लिखाणानंतरच. आधी बोललं की जोडीतल्या दोघांच्या कल्पना एकसारख्या होतात. ८ मिनिटं जोड्यांना आणि चार उपाय वाचायला ४ मिनिटं धरा, म्हणजे कॉल ७२ मिनिटांचा होतो. ७५ मिनिटांच्या पलीकडे मात्र नेऊ नका. त्यापेक्षा लिखाणाची फेरी सावकाश यांच्या पद्धतीने आधीच उरकून घ्या.

मतदानही मग दोन भागांत करा, सुट्या चिठ्ठ्यांचं वेगळं आणि जोडलेल्या उपायांचं वेगळं. चार ओळींचा उपाय आणि एका वाक्याची चिठ्ठी एकाच मतदानात टाकली तर लांबलचक मजकूर भारदस्त वाटतो आणि जिंकतो.

---

रेघोट्या

जोड्या नको असतील, पण एकमेकांच्या कल्पनांवर भर हवी असेल, तर ६-३-५ ही पद्धत शीटवर फार चांगली बसते. बर्न्ड रोरबाख यांनी १९६८ साली मांडली. ६ माणसं, प्रत्येकी ३ कल्पना, ५ मिनिटं, मग कागद पुढच्याकडे. सहा फेऱ्यांत, म्हणजे ३० मिनिटांत, १०८ कल्पना.

शीटमध्ये सहा टॅब करा, प्रत्येकात ६ ओळी आणि ३ रकाने. पहिल्या फेरीत प्रत्येक जण आपल्या टॅबच्या पहिल्या ओळीत लिहितो, दुसऱ्या फेरीत शेजारच्या टॅबच्या दुसऱ्या ओळीत. कोणी कोणत्या फेरीत कोणत्या टॅबवर जायचं याचा तक्ता पहिल्या टॅबवर लावून ठेवा, नाहीतर दुसऱ्याच फेरीला दोघं एका टॅबवर येतात. पुढच्या फेऱ्यांत वाचायलाच वेळ लागतो, म्हणून पहिल्या तीन फेऱ्या ४ मिनिटांच्या आणि नंतरच्या तीन ६ मिनिटांच्या ठेवा. एकूण ३० मिनिटंच होतात. ९ जणांसाठी ५ आणि ४ असे दोन गट करा आणि जेवढी माणसं तेवढ्याच फेऱ्या.

---

आडवाट

आता शेवटचं. निवड झाल्यावर काय? आमच्याकडे तीन कल्पना निवडल्या जातात आणि तिथेच राहतात.

---

कोरा_कागद

बहुतेक वेळा त्या राहतात कारण 'निवडलेली कल्पना' आणि 'सोमवारी सकाळी करायचं काम' यांच्यातली पायरी कोणी लिहीत नाही. शेवटच्या ५ मिनिटांत प्रत्येक निवडलेल्या कल्पनेसाठी पाच रकाने सगळ्यांसमोर भरा: कल्पना एका वाक्यात, ती खरी ठरते का हे बघायची सगळ्यात छोटी चाचणी, एकाच माणसाचं नाव, तारीख, आणि काय दिसलं तर हे काम थांबवायचं. नाव एकच हवं. 'डिझाइन टीम' असं लिहिलं की ते कुणाचंच नसतं. तारीख दोन आठवड्यांपलीकडची असेल तर चाचणी अजून पुरेशी छोटी झालेली नाही. नमुना बिलाची कल्पना असेल तर आधी सॉफ्टवेअर बदलायला घेऊ नका. एकाच प्रकारच्या धंद्यातल्या पुढच्या १० नव्या वापरकर्त्यांना नमुना बिल हाताने तयार करून पाठवा आणि किती जण ते पुढे पूर्ण करतात ते बघा. एक माणूस, कोड शून्य.

न निवडलेल्या चिठ्ठ्या बोर्डवर सोडू नका, तिथे त्या कोणी शोधणार नाही. तुमच्या नेहमीच्या कामाच्या यादीत 'राखीव' म्हणून एकच नोंद करा, त्यात सगळ्या चिठ्ठ्या क्रमांकासह पेस्ट करा आणि खाली दोन ओळींत लिहा की पहिल्या दहांतल्या ज्या घेतल्या नाहीत त्या का घेतल्या नाहीत. पुढच्या वेळी तोच विषय निघाला की आधी ही नोंद सगळ्यांना पाठवायची. बऱ्याचदा मागची मर्यादा उठलेली असते आणि चिठ्ठी आयती मिळते.

आणि त्याच दिवशी, कॉल संपल्यापासून दोन तासांत, सगळ्यांना एक संदेश पाठवा. एवढाच मजकूर पुरेसा आहे:

'आज ८१ चिठ्ठ्या, १५ गट, ३ निवडल्या. क्र. १२: नाव, तारीख, चाचणी. क्र. ३८: नाव, तारीख, चाचणी. क्र. ६६: नाव, तारीख, चाचणी. क्र. २० ला मतं जास्त होती, पण करविषयक नियमांमुळे या महिन्यात शक्य नाही. बाकी सगळ्या राखीव नोंदीत आहेत, लिंक खाली. निकाल अमुक तारखेला, याच जागी.'

क्र. २० सारखी ओळ गाळू नका. जास्त मतं पडूनही एखादी कल्पना मागे का ठेवली हे लेखी कळलं नाही, तर पुढच्या फॉर्मला माणशी पाचच्या जागी दोनच कल्पना येतात.